पुण्याचं तांबडं, सोलापूरचं आभाळ

गडावर मुक्कामाला जायचं ठरलं की आदल्या संध्याकाळी ग्रुपवर हमखास एक मेसेज येतो : ‘उद्या आभाळ एकदम निरभ्र आहे, सूर्योदय भारी दिसणार.’ तो वाचून मला दरवेळी हळहळ वाटते. निरभ्र आभाळातला सूर्योदय हा सूर्योदयांमधला सगळ्यात साधा प्रकार. क्षितिजाला लागून पिवळा-नारिंगी पट्टा, मग गोळा वर येतो, पाच-सात मिनिटांत त्याच्याकडे बघवेनासं होतं आणि मंडळी चहाच्या टपरीकडे वळतात. आभाळभर रंग पसरायचा तर तो रंग झेलणारं वर काहीतरी हवं. ते ढगच. आणि कुठलाही ढग चालत नाही. तो किती उंचावर आहे, त्याचा थर पूर्वेला कुठे संपतो, यावर सगळं ठरतं.

मी पुण्यात राहते आणि बहुतेक सकाळी वेताळ टेकडीवर असते. टेकडीची उंची आठशे मीटरच्या आसपास, म्हणजे खालच्या वस्तीपेक्षा दोन-अडीचशे मीटर वर. पूर्वेला हडपसरपर्यंत पसरलेलं शहर आणि त्याच्यापुढे सपाट होत गेलेला देश. सूर्याच्या वाटेत मोठा डोंगर आडवा येत नाही, ही पुण्याच्या पूर्वेची मोठी देणगी आहे. टेकडीवर येणारे लोक मोर शोधतात, खाणीतल्या पाण्याशी रेंगाळतात, बरेच जण घड्याळावर पावलं मोजतात. मी वर बघत चालते.

सुरुवातीला मलाही वाटायचं की ढग तांबडे होतात, म्हणजे त्यांच्यात काहीतरी घडत असणार. त्यांच्यात काहीच घडत नाही. ढगातला पाण्याचा थेंब साधारण ०.०२ मिलिमीटरचा. प्रकाशलहरींच्या मानाने तो इतका मोठा की लाल, हिरवा, निळा असा भेद न करता तो सगळे रंग सारखेच विखुरतो. म्हणून दुपारचा ढग पांढरा. पहाटे त्याच्यावर जो प्रकाश पडतो तोच तो आपल्याला दाखवतो. रंग तयार होतो तो वाटेत, हवेत. हवेचे रेणू प्रकाशलहरींपेक्षा फारच छोटे, आणि अशा सूक्ष्म कणांमुळे कुठला रंग किती विखुरतो याचा नियम लॉर्ड रॅली यांनी १८७१ मध्ये मांडला : लहरीची लांबी जितकी कमी, तितकं विखुरणं जास्त, तेही चौथ्या घाताने. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या तांबड्याच्या जवळजवळ सहापट विखुरतो. सूर्य डोक्यावर असताना त्याचे किरण जेवढ्या हवेतून येतात, त्याच्या सुमारे ३८ पट हवा त्यांना सूर्य क्षितिजावर असताना ओलांडावी लागते. एवढ्या वाटचालीत निळा गळून जातो, हिरवाही बराचसा जातो, पिवळा-नारिंगी-तांबडा उरतो.

इथवरचं शाळेतल्या पुस्तकात असतं. पण मला ज्याने वेड लावलं ती पुढची गोष्ट आहे, आणि तिला शाळेतलीच भूमिती पुरते.

सूर्य उगवण्याआधी आपल्या डोक्यावरच्या ढगाला ऊन लागतं, कारण ढग उंचावर असल्यामुळे त्याला आपल्यापेक्षा लांबचं दिसतं. त्याच्यापर्यंत पोचणारा पहिला किरण कुठेतरी पूर्वेला जमिनीला अगदी घासून येतो आणि तिथून वर चढत ढगाच्या पोटाला लागतो. हे घासण्याचं ठिकाण किती लांब? ढगाची उंची किलोमीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ११३ ने गुणा. हवेत किरण थोडा वाकतो, जमीन कुठे चढती-उतरती असते, त्यामुळे आकडा ढोबळ आहे, पण कामाचा आहे. एक किलोमीटरवरच्या खालच्या ढगासाठी ११३ किलोमीटर. साडेचार किलोमीटरवरच्या मधल्या ढगासाठी २४०. नऊ किलोमीटरवरच्या हिमकणांच्या ढगासाठी ३३९.

आता नकाशा काढा. डिसेंबरात पुण्याहून सूर्य थेट पूर्वेला उगवत नाही, तो पंचवीसेक अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. त्या दिशेला रेघ ओढली की ती सोलापूर हायवेच्या बाजूबाजूनेच जाते. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर इंदापूरचा परिसर. २४० च्या जवळ सोलापूर. ३४० च्या जवळ गुलबर्गा, आताचं कलबुर्गी. तिन्ही ठिकाणं जवळजवळ एकाच रेघेत.

म्हणजे डिसेंबरातल्या पहाटे माझ्या डोक्यावरच्या खालच्या ढगांचा रंग इंदापूरच्या हवेवर, मधल्या ढगांचा सोलापूरच्या आणि सगळ्यात वरच्यांचा कलबुर्गीच्या हवेवर ठरतो. तिथे जमिनीलगत ढग किंवा दाट धुरकं असेल तर किरण तिथेच अडतो आणि इथे, कितीही देखणे ढग असले तरी, ते राखाडीच राहून थेट पांढरे होतात. हे पहिल्यांदा नकाशावर मांडलं त्या दिवशी मी पट्टी घेऊन तासभर बसले होते. ज्याला मी पुण्याची सकाळ म्हणत होते, तिचा निकाल दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात लागत होता.

सोलापूरला माझी मावशी राहते. पहाटे साडेपाचला तिची गच्चीवर चक्कर असते, तुळशीला पाणी, मग दोऱ्यांवरचे कपडे. मी तिला फोन करायला लागले.

‘काय गं, एवढ्या पहाटे? सगळं बरंय ना?’

‘बरंय मावशी. आभाळ कसं आहे तेवढं सांग.’

‘स्वच्छ आहे की! चांदण्या दिसतायत. का गं, येतेस का हुरड्याला?’

तिला आधी वाटलं मी काहीतरी लपवतेय. मग हळूहळू तिने माझं काम समजून घेतलं. आता ती नुसतं ‘ढग आहेत’ म्हणत नाही. ‘खालचे आहेत, पळतायत’ किंवा ‘वरचे आहेत, हलत नाहीत’ असं सांगते, आणि ते अतिशय मोलाचं असतं. वेधशाळेच्या साइटवर इन्सॅट उपग्रहाची चित्रं मिळतात, पण पहाटे उजेड नसल्यामुळे फक्त इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, चित्रावर भागवावं लागतं. त्यात उंच, थंड ढग ठळक दिसतात. जमिनीलगतचा ढग मात्र जवळजवळ जमिनीइतकाच उबदार असल्यामुळे तिच्यात मिसळून जातो. किरण अडवणारा नेमका तोच. उपग्रहाला जे सहज कळत नाही ते मावशीला गच्चीतून कळतं.

ढगांचे प्रकार आपण आज ज्या नावांनी ओळखतो त्यांची सुरुवात लंडनमधल्या ल्यूक हॉवर्ड नावाच्या औषध-व्यावसायिकाने केली. डिसेंबर १८०२ मध्ये एका छोट्या अभ्यासमंडळात त्याने व्याख्यान दिलं आणि सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस, निम्बस ही नावं जगाला मिळाली. खुद्द जर्मन महाकवी गटेने त्याच्या गौरवार्थ कविता लिहिल्या. आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह १८९६ मध्ये पहिल्यांदा छापला गेला आणि आता त्यात दहा मुख्य प्रकार आहेत. दहाही इथे सांगत बसत नाही. सकाळच्या रंगासाठी तीन मजले लक्षात ठेवले तरी पुरतं : खालचा, मधला, वरचा.

हे तीन मजले एकाच सकाळी बघायला मिळाले तर ऑक्टोबरच्या मध्यावर. तेव्हा पुण्यात सूर्योदय साडेसहाच्या जरा आधी होतो, आणि सूर्याची रेघ सोलापूरच्या उत्तरेला, धाराशिववरून जाते. सहाला टेकडीवर पोचलं की आधी दिसतात ते सिरस, तंतुमेघ. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर, पूर्ण बर्फाच्या कणांचे, इतके पातळ की त्यांच्यातून तारे दिसत राहतात. पूर्वेला क्षितिजाजवळ जे सिरस असतात ते खरं तर साडेतीनशे किलोमीटर लांब असतात, त्यामुळे त्यांना ऊन आपल्या सूर्योदयाच्या पंचवीसेक मिनिटं आधीच लागतं. तो पहिला रंग तांब्यासारखा मंद असतो. बहुतेकांच्या तो नजरेतून सुटतो, कारण उजाडायला अजून वेळ आहे असं समजून कोणी तिकडे बघतच नाही. मग रंगाची कड पश्चिमेकडे सरकू लागते. आपल्या अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याचा वेग ताशी १५८० किलोमीटरच्या आसपास पडतो, आणि त्याच वेगाने ही कड ढगांच्या थरावरून धावत येते. क्षितिजापासून डोक्यावर यायला तिला तेरा-चौदा मिनिटं लागतात. डोक्यावरचे सिरस गुलाबी होतात, कधी जांभळट. तो जांभळटपणा मिश्रणाचा असतो. ढगाकडून तांबडा प्रकाश येतो आणि ढगाच्या आसपासचं, अलीकडचं आभाळ त्यात आपला निळा मिसळतं.

या निळ्याचीही एक गंमत आहे. सूर्य क्षितिजाखाली असताना डोक्यावरचं आभाळ जे गर्द निळं दिसतं, त्याचं श्रेय दिवसाच्या निळ्यासारखं फक्त विखुरण्याला देता येत नाही. तो प्रकाश इतका लांबून येतो की नुसत्या विखुरण्याच्या हिशेबाने माथ्यावरचं आभाळ करडं-पिवळट दिसायला हवं होतं. निळं राखतो तो ओझोन. नारिंगी-पिवळ्या भागातला प्रकाश तो थोडाथोडा शोषून घेतो, आणि लांबच्या वाटचालीत ते शोषण चांगलंच जाणवतं. एडवर्ड हलबर्ट यांनी १९५३ मध्ये हे दाखवून दिलं. ज्या थराच्या विरण्याची काळजी आपण करत आलो, तोच रोज पहाटे आपल्या डोक्यावर हा रंग धरून असतो.

सिरसनंतर, सूर्योदयाच्या आठ-दहा मिनिटं आधी, पाळी येते मधल्या मजल्याची. अल्टोक्युम्युलस : छोट्या छोट्या ढेपांचा, ओळींत मांडलेला थर. माझ्या लेखी सूर्योदयाचा राजा हाच ढग. मातीच्या भिंतीला अगदी लगटून दिवा धरला की तिचे सगळे उंचवटे आणि पोपडे उठून दिसतात, तसं इथे होतं. किरण खालून, जवळजवळ आडवा येतो आणि प्रत्येक ढेपेची पूर्वेकडची कड पेटते, मागची बाजू काळसर निळी राहते. एकाच ढेपेवर नजर ठेवून बघा. राखेच्या रंगाची असते. मग पोटाखाली मळकट लाल डाग उमटतो. तो कडेकडे पसरतो, शेंदरी होतो, पाठोपाठ झेंडूचा नारिंगी, मग पिवळा, आणि तोवर तिच्या पश्चिमेची ढेप लाल झालेली असते. एका वेळी अख्ख्या आभाळात रंगांचे सगळे टप्पे हजर असतात : पूर्वेला सोनेरी, डोक्यावर शेंदरी, पश्चिमेला, पाषाण-बाणेरच्या वर, अजून गुलाबी. सगळं मिळून चार-पाच मिनिटं. आपल्याकडे सूर्य उभा वर चढतो, एक अंश चढायला साडेचार मिनिटंसुद्धा लागत नाहीत. युरोपात तो तिरका सरपटत येतो, त्यामुळे तिथले रंग रेंगाळतात. इथे बूट बांधत बसलं तर हुकतं.

मधल्या मजल्यावरच अल्टोस्ट्रॅटस असतो, एकसंध राखाडी चादर. त्याच्याकडे बघून लोक परत फिरतात. बऱ्याचदा त्यांचं बरोबर असतं. पण पूर्वेला त्या थराची कड संपलेली असेल आणि फटीतून सूर्याने आत डोकावलं, तर अख्खं छत पेटतं. अशी सकाळ मी पाहिली आहे. लाल उजेड वरून खाली सांडतो, माणसांचे चेहरे, गवत, खडक सगळं त्या उजेडात न्हातं, सावल्या पडत नाहीत. टेकडीवर चालणारे लोक बोलता बोलता थांबले होते. त्यानंतर पाच मिनिटांत सूर्य त्या थराच्या वर गेला आणि दिवसभर आभाळ मळभटलेलं राहिलं.

या ‘कड संपलेली असेल’ला फार महत्त्व आहे. खालच्या बाजूने रंग चढायचा तर किरणाला दोन दारं मोकळी लागतात. एक, जिथे तो जमिनीला घासतो तिथे खालचे ढग नकोत. दुसरं, त्याच्याही पलीकडे, दुप्पट अंतरावर, जिथे तो त्या थराच्या उंचीवरून खाली उतरतो, तिथपर्यंत तो थर पोचलेला नको. साडेचार किलोमीटरवरच्या थरासाठी हे दुसरं दार पुण्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर येतं. डिसेंबरच्या रेघेवर ते तेलंगणातलं महबूबनगर. थर तिथपर्यंत अखंड गेला असेल तर सोलापूर कितीही स्वच्छ असो, पुण्याच्या छताला तांबूस कडसुद्धा येत नाही.

खालच्या मजल्याबद्दल थोडक्यात. स्ट्रॅटोक्युम्युलस, म्हणजे एक-दीड किलोमीटरवरचे गोळे-पट्टे, सूर्योदयाआधी जेमतेम तीन-चार मिनिटं रंगतात. त्यांच्यापर्यंत येणारा किरण संपूर्ण वाट जमिनीलगतच्या जाड, धुळकट हवेतून चाललेला असतो, म्हणून त्यांचा रंग विटकरी, थकलेला. त्यांची शोभा सूर्य वर आल्यावर, कडांना सोनेरी किनार धरली की. फटींतून किरणांचे झोत पडतात ते यांच्याचमुळे, आणि ते झोत पाठीमागे पश्चिमेला पुन्हा एका बिंदूकडे जुळताना दिसतात, तेही वळून बघावं.

वळून बघण्यावरून आठवलं. ढग अजिबात नसतील तर पूर्वेपेक्षा पश्चिमेकडे बघा. सूर्योदयाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी तिथे क्षितिजाला लागून निळसर-करडा पट्टा दिसतो, त्याच्या वर गुलाबी पट्टा. खालचा निळसर पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. सूर्य वर येईल तशी ती क्षितिजाखाली बुडत जाते. कोकणात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याच्या गावांतून, सूर्य डोंगरामागून उशिरा आणि पिवळा होऊनच उगवतो. तिथल्या लोकांना तांबडा गोळा क्वचित दिसतो. पण गुहागरच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं तर ही सावली पाण्यावरून सरकत खाली जाताना जितकी स्वच्छ दिसते, तितकी पुण्यात कधीच दिसत नाही.

आता एक समज, जो मला मनापासून खोडून काढावासा वाटतो. ‘हवेत धूळ आणि प्रदूषण असलं की सूर्योदय जास्त लाल’ असं चांगली शिकलेली माणसंही सांगतात. धूर-धुळीचे कण हवेच्या रेणूंपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते रंगांत फारसा भेद करत नाहीत, सगळ्यांवरच पांढरट-तपकिरी पोतेरं फिरवतात. सूर्याचा गोळा लाल दिसतो खरा, पण भोवतीचं आभाळ रंगहीन राहतं. अमेरिकेतले हवामानतज्ज्ञ स्टीफन कॉर्फिडी यांनी या विषयावर आवर्जून लिहिलंय : झळाळत्या रंगांची पहिली गरज स्वच्छ हवा. उंच ढगांचे रंग शुद्ध का असतात याचंही उत्तर त्यातच आहे. त्यांच्यापर्यंत येणारा बराचसा प्रकाश खालच्या मळक्या थराच्या वरून निघून येतो. डिसेंबर-जानेवारीत टेकडीवरून हे डोळ्यांना दिसतं. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा गार होते, त्या गार हवेवर उबदार हवेचं झाकण बसतं आणि शेकोट्या, जाळलेला पालापाचोळा, गाड्या यांचा सगळा धूर त्या झाकणाखाली अडकतो. शहरावर एक सपाट, करड्या-तपकिरी रंगाचा थर पसरलेला असतो, वरची कड पट्टीने आखल्यासारखी. सूर्य आधी त्या थरात उगवतो, किरणांशिवायचा, नुसता गोळा. पालापाचोळा जाळू नका हे सांगताना आपण फुप्फुसांबद्दल बोलतो, ते योग्यच आहे. पण सकाळचं आभाळही आपण त्याच धुरात घालवतोय, याचं मला तितकंच वाईट वाटतं.

धूळ रंग देते ती फार उंच गेली तर. १८८३ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआचा ज्वालामुखी फुटला, त्याची राख आणि वायू वातावरणाच्या वरच्या थरात गेले. सप्टेंबरात मद्रासकडे आणि सिलोनमध्ये लोकांनी हिरवट-निळसर सूर्य पाहिला. नोव्हेंबरात अमेरिकेत संध्याकाळचं आभाळ इतकं लाल झालं की कुठेतरी आग लागली समजून बंब बाहेर काढले गेले. आपलं सूत्र इथेही चालतं. वीस किलोमीटर उंचीचं वर्गमूळ गुणिले ११३, म्हणजे पाचशे पाच किलोमीटर. पुण्याच्या डोक्यावर अशी धूळ असेल तर तिला लागणारा पहिला किरण हैदराबादइतक्या लांब जमिनीला घासून येईल.

युरोपातल्या खलाशांमध्ये एक म्हण आहे, सकाळी आभाळ लाल तर वादळाची तयारी ठेवा, संध्याकाळी लाल तर निश्चिंत राहा. तिकडे ती बरीचशी खरी ठरते, कारण तिथलं हवामान पश्चिमेकडून येतं. सकाळी लाल म्हणजे पूर्व मोकळी आणि ढग पश्चिमेकडून डोक्यावर पोचलेले. आपल्याकडे ही म्हण वर्षातून दोनदा बाजू बदलते, आणि मला वाटतं पुण्याच्या सूर्योदयाचं वेळापत्रक त्यातच दडलंय. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून वाहतात. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढगाळ हवेची लाट, आला की त्याचे सिरस कधीकधी आपल्यापर्यंत येतात, आणि येतात ते पश्चिमेकडून. त्यांची पुढची कड पूर्वेला, त्यापुढे मोकळं आभाळ. दोन्ही दारं उघडी. पावसाळ्यात उलट. चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर तेव्हा पूर्वेकडून पश्चिमेकडे जोरदार वाहणारा एक वायुप्रवाह असतो. तो शोधून काढण्याचं श्रेय आपल्याच हवामान खात्यातल्या पी. कोटेश्वरम यांचं, १९५० च्या दशकातलं. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टेही पूर्वेकडूनच येतात. त्यामुळे पावसाने उघडीप दिली तरी सकाळी पूर्वेची दारं बंद असतात, आणि मोकळी कड पश्चिमेला. जूनमध्ये सूर्याची रेघ उत्तरेला सरकून अहिल्यानगर-बीडच्या मधून जाते, तिथेही बहुधा ढगच. म्हणून पावसाळा संध्याकाळचा आणि हिवाळा सकाळचा, असं माझं इतक्या वर्षांचं मत झालंय. मधला ऑक्टोबर दोन्हीचा : पावसाने धुतलेली हवा आणि उरलेसुरले मधले ढग.

उन्हाळ्यातल्या सकाळी फारशा रंगत नाहीत, एप्रिल-मेची हवा धुळकट. पण तेव्हा एक ढग जरूर शोधावा. अल्टोक्युम्युलसचाच प्रकार, खाली सरळ रेघ आणि वर बुरुजांसारखे कोंब फुटलेले. सकाळी असे बुरुज दिसले तर मधल्या थरांत हवा अस्थिर झालेली असते, आणि दुपारी वळिवाची शक्यता वाढते.

पुण्याबाहेरच्यांनी आपापली गावं शोधावीत. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवाला सूर्य थेट पूर्वेला उगवतो, तेव्हा हे सोपं असतं. पुणेकरांसाठी तेव्हा लातूर. नाशिकच्या सिरसचा रंग वाशीमच्या आसपास ठरतो. मुंबईच्या उंच ढगांसाठी बीडकडे बघायचं, नागपूरच्या मधल्या ढगांसाठी रायपूरकडे. कोल्हापूरकरांचे दोन किलोमीटरवरचे ढग विजापूरच्या हवाली.

मावशीचा मुलगा हैदराबादला असतो. महबूबनगर त्याच्यापासून शंभरेक किलोमीटरवर, नैऋत्येला, म्हणजे तिकडचे मधले ढग त्याला त्याच्या बाल्कनीतून क्षितिजाशी दिसू शकतात. मावशीनेच हे जोडून दिलं. ‘त्यालाही उठव,’ म्हणाली, ‘नाहीतरी रात्रभर लॅपटॉपवरच असतो.’ गेल्या डिसेंबरात एका पहाटे पुण्यावर अल्टोक्युम्युलसचा थर होता, सुट्या ढेपांचा, जसा हवा तसा. मी टेकडीच्या चढावरूनच दोघांना मेसेज टाकला. भावाचा आधी आला : ‘नैऋत्येला तारे. झोपू?’ मावशी लिहीत नाही, फोनच करते. सोलापूर पुण्याच्या दोन अंश पूर्वेला आहे, तिच्याकडे सगळं आठ मिनिटं आधी होतं.

‘अगं, खाली काही नाही, आणि वर लाल व्हायला लागलंय. अख्खं. गच्चीच्या कठड्यापर्यंत लाल दिसतंय. तू पोचलीस का वर? चल, बोलू नकोस, पळ आधी!’